अकरा दिवस

फोन वाजला तेव्हा माझ्या एका हातात लादी होती आणि दुसऱ्या हातात थापी. मिसेस ब्रॉकमायरची न्हाणी, गुडघ्यांखाली स्पंजाची गादी, कमरेत रोजची कळ. काम चालू असताना मी फोन घेत नाही. सिमेंटचा माल एकदा जमिनीवर पसरला की वीस मिनिटं तो तुमचा, पुढे तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पण पडद्यावर टेरेलचं नाव दिसलं म्हणून घेतला. टेरेल म्हणजे रेमोचा एजंट. रेमो म्हणजे माझा मुलगा. चोवीस वर्षांचा, आमच्या सेंट लुईसच्या सॉकर क्लबात डावीकडून बचावाला खेळतो, आणि इटलीतल्या दुसऱ्या श्रेणीच्या एका क्लबाने त्याला या जानेवारीत न्यायचं ठरवलं आहे. ठरवलं होतं. ते 'होतं' अजून माझ्या जिभेवर बसत नाही. "मिस्टर ओल्दानी, बसलाय का?" टेरेलने विचारलं. "गुडघ्यांवर आहे," मी म्हणालो. एरवी तो हसला असता. तो हसला नाही.

"कागद परत आले," तो म्हणाला. "तुमच्या वडिलांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं चौदा जानेवारीला. तुमचा जन्म पंचवीस जानेवारीचा. त्याच वर्षीचा." "बरोबर! अकरा दिवस," मी म्हणालो, आणि आईशप्पथ सांगतो, अभिमानाने म्हणालो. सवयच आहे तशी. अठ्ठावन्न वर्षांची सवय. टेरेल शाळेतल्या ढ मुलाला सांगावं तसं हळू बोलला. "तिथेच तर घोडं अडलं. तुम्ही जन्मलात तेव्हा तुमचे वडील इटालियन राहिलेच नव्हते. शपथ घेतली त्या क्षणी त्यांचं ते संपलं. ते जे नव्हते, ते तुम्हाला कुठून मिळणार? आणि तुम्हाला नाही तर रेमोला नाही. तिकडचा पासपोर्ट नाही, तर त्या श्रेणीत बाहेरून माणूस आणताच येत नाही. हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं." मी म्हणालो, "पण तो कागद तर मीच पाठवला ना तुला." "हो," टेरेल म्हणाला. "तुम्हीच पाठवलात. चिठ्ठीसकट."

चिठ्ठी. मी खरंच चिठ्ठी लिहिली होती. पॉपच्या, म्हणजे माझ्या बापाच्या, भिंतीवरची नागरिकत्वाच्या कागदाची फ्रेम उतरवली, काच पुसली, कागदाची प्रत काढली, आणि वर माझ्या गिचमिड अक्षरात लिहून दिलं, की माझे वडील एर्मिनिओ ओल्दानी माझ्या जन्माच्या अकरा दिवस आधी या देशाचे झाले, आणि आमच्या घराण्याला याचा मोठा अभिमान आहे. मला वाटलं होतं, चांगली माणसं आहेत असं वाटेल त्यांना. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा आणि वर त्याला रिबीन बांधून पाठवायचं. "दुसरा काही रस्ता?" मी विचारलं. "तुमची आई?" त्याने विचारलं. "जर्मन बेकरीवाल्याची मुलगी. तीन पिढ्या याच शहरातल्या." "मग नाही," टेरेल म्हणाला. "उन्हाळ्यात बघू. दुसरीकडे कुठे काही." उन्हाळ्यात बघू म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. ज्या गिऱ्हाइकाचं काम मला करायचं नसतं त्याला मी हेच सांगतो. फोन ठेवला तेव्हा माल सुकून खडखडीत झाला होता. मी तरीही हातातली लादी त्यावर टेकवली. ती बसली नाही, नुसती राहिली. छत्तीस वर्षांत असं काम मी कधी केलं नव्हतं. तिच्याकडे बघत मी बराच वेळ गुडघ्यांवर तसाच होतो, आणि मिसेस ब्रॉकमायर दाराशी येऊन म्हणाली, "क्लिफर्ड, बाळा, प्रार्थना करतोयस की काय?"

क्लिफर्ड. हे नाव माझं कसं झालं ते मी सांगतो, कारण त्यातच सगळी मेख आहे. माझा बाप चोविसाव्या वर्षी मिलानच्या बाजूच्या एका खेड्यातून इथे आला आणि हिल नावाच्या वस्तीत राहिला. आमच्या हिलवर तेव्हा सगळे तिकडचेच. रस्त्यावरचे आगीचे नळसुद्धा आम्ही हिरवे-पांढरे-लाल रंगवतो. तो विटांच्या कारखान्यात लागला, रविवारी सॉकर खेळला, आणि बेकरीवाल्याच्या एल्साशी लग्न केलं. तिच्या बापाने एकच अट घातली होती म्हणे, की नातवंड अमेरिकन माणसाचं पाहिजे. माझा बाप हट्टी. त्याने अर्ज भरला, परीक्षा दिली, आणि शपथेची तारीख आली मार्चची. मी येणार होतो जानेवारीच्या शेवटी. मग तो कोर्टात गेला. कारखान्याची धूळ अंगावर, टोपी हातात, आणि बरोबर नववा महिना लागलेली माझी आई. तिथल्या कारकुनाला त्याने आपल्या मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं, "साहेब, पोरगं थांबणार नाही. यादी थांबेल." त्या कारकुनाने आईच्या पोटाकडे पाहिलं, यादी ओढली, आणि चौदा जानेवारीच्या नावांच्या तळाला पेनने एक नाव वाढवलं. त्या कारकुनाचं नाव क्लिफर्ड. हिलवर माझ्या वयाचे सगळे पुरिचेल्ली आणि मेर्लो आहेत ते कुणी कार्लो, कुणी आंजेलो, आणि त्यांच्यात मी एकटा क्लिफर्ड. शाळेत पोरं म्हणायची, "काय रे, हे नाव बँकेतून उसनं आणलं का?"

आणि म्हणून दर चौदा जानेवारीला आमच्याकडे शपथेचं जेवण असतं. नाताळ एखादे वेळी चुकेल, हे नाही. त्या दिवशी पॉप स्वतः केशराचा भात करतो. पळीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. जेवायला बसलं की तो उभा राहतो, उजवा हात वर करतो, आणि गोष्ट सांगतो. तीच. कारखान्याची धूळ, टोपी, आईचं पोट. शपथेतलं ते वाक्य येतं, परक्या राजाशी आणि परक्या राज्याशी असलेली माझी निष्ठा मी पूर्णपणे आणि कायमची सोडतो, तिथे तो दरवर्षी अडखळतो, आणि दरवर्षी सांगतो की तेव्हाही असाच अडखळलो होतो, पण एल्साने मागून पोटाने ढोसलं. मग सगळ्यांकडे बघून विचारतो, "आणि मग पोरगं आलं. किती दिवसांनी?" आणि सगळ्यांनी टेबलावर हात आपटून ओरडायचं, "अकरा!" मी बोलायला लागलो तेव्हापासून ओरडतोय. रेमो तर उंच खुर्चीत बसून चमचा आपटायचा. त्याला पहिल्यांदा आलेला आकडा एक नव्हता, अकरा होता. आई गेली त्या वर्षीसुद्धा आम्ही ओरडलो, चौघेच होतो, आवाज बारीक आला, पण ओरडलो. इतकी वर्षं मी त्या आकड्यावर हात आपटत आलो आणि तो आकडा काय आहे हे मला कुणीतरी फोनवर सांगावं लागलं.

मी त्या दिवशी लादी उखडून काढली, जागा खरवडली, म्हातारीला उद्या येतो म्हणून सांगितलं आणि गाडीत येऊन बसलो. बारा तारीख होती. गाडी चालू करावीशी वाटेना. मला राग आला होता, आणि कुणाचा ते धड ठरत नव्हतं. आधी टेरेलचा आला. मग त्या कारकुनाचा आला, ज्याचं नाव मी आयुष्यभर अंगावर वागवतोय. मेल्याने सांगितलं असतं की नियम म्हणजे नियम, मार्चमध्ये या, तर आज माझा मुलगा विमानात बसला असता. मग बापाचा आला. एवढी कसली घाई होती? पोरगं थांबणार नाही म्हणे. थांबलो असतो मी! आणि मग सगळ्यात शेवटी, गाडीची काच माझ्याच श्वासाने धुरकटल्यावर, मला माझा स्वतःचा राग आला, की मी दोन आठवडे आधी का नाही आलो. पुष्कळ मुलं येतात. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ज्याच्यासाठी माझ्या बापाने हे केलं तो मी, ज्याच्यासाठी हे बाधलं तो माझा मुलगा, आणि मध्ये कुणी परका माणूस नाही की ज्याच्या नावाने बोटं मोडावीत.

खरं सांगायचं तर एक जुना रागही त्यात होता आणि तो संधी साधून वर आला. मीही खेळायचो. रेमोइतका नाही, पण खेळायचो. एकविसाव्या वर्षी जर्मनीतल्या एका लहान क्लबाने मला महिनाभर बघायला बोलावलं होतं. आमच्या जुन्या प्रशिक्षकाची तिथे ओळख होती. मी पत्र घेऊन घरी आलो. पॉप हात धूत होता. विटांचा लाल गाळ बेसिनमधून खाली जात होता, तो मला आत्ताही दिसतो. पत्राकडे त्याने पाहिलंही नाही. "युरोपातून मी निघून आलो," तो म्हणाला, "आणि तू परत तिथेच चाललास? मग मी हात कशाला वर केला?" एवढंच. ओरडला नाही, मारलं नाही. मी ते पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि सोमवारी मामाबरोबर लाद्या बसवायला गेलो. लोक विचारतात तेव्हा मी सांगतो की गुडघा दुखत होता. गुडघे नंतर दुखायला लागले, लाद्यांमुळे. म्हणून रेमो सहा वर्षांचा झाला तेव्हा मी त्याला गल्लीत, गॅरेजच्या दाराशी, डाव्या पायाने चेंडू मारायला लावला. डाव्याच. उजवा पाय वापरला की मी ओरडायचो. एकदा लोरेटा, माझी बायको, खिडकीतून म्हणाली, "अरे, पोराला दुसरा पाय आहे की नाही?" मी म्हणालो, "उजव्या पायाचे जगात ढिगाने आहेत." मुलाला दूर पाठवायची एवढी घाई कुठल्या बापाला असते? मला होती. माझ्या बापाने यादीत नाव घालून घेतलं, मी पोराचा पाय घडवला. दोघांनाही पोराचं भलंच करायचं होतं, हे लिहून घ्या.

आणि गंमत अशी, की पॉप बदलला. रेमोला तिकडून विचारणा आली हे ऐकल्यावर मला वाटलं आता पुन्हा ते, मग मी हात कशाला वर केला. पण म्हातारा नुसता बसून राहिला, आणि मग म्हणाला, "कुठे? समुद्राकडे? हवा चांगली असते." दुसऱ्या दिवसापासून तो रेमोला भाषा शिकवायला लागला. त्याची भाषा, म्हणजे त्याच्या खेड्याची, पासष्ट वर्षांपूर्वीची. क्लबाच्या दुभाष्याने रेमोशी फोनवर बोलून टेरेलला सांगितलं, की मुलगा छान आहे, फक्त बोलतो मेलेल्या गवळ्यासारखा. आम्ही खूप हसलो. पॉपही हसला. मग त्याने कपाटातून आपला एकुलता एक करडा सूट काढला, धुवून-इस्त्री करून आणला आणि शयनघराच्या दारामागे टांगला. तो कधी परत गेला नव्हता. एकदाही नाही. भाऊ वारला तेव्हाही नाही. मी तिकीट काढतो म्हणालो होतो तेव्हा मला म्हणाला होता, "हात वर करून सोडलेलं घर ते. तिथे पाहुणा म्हणून जाऊ?" आता म्हणाला, "रेमोचं घर असेल ना तिथे. नातवाच्या घरी माणूस पाहुणा नसतो." एकोणनव्वद वर्षांचा माणूस, आणि महिनाभर तो सूट दारामागे. मी गेलो की तो सहज म्हणून विचारायचा, "कागद आले का रे?" सहज काही नव्हतं त्यात.

रेमोला मी सरावाच्या मैदानाबाहेर गाठलं. थंडी मरणाची होती, त्याच्या केसांतून वाफ निघत होती. माझ्या गाडीत येऊन बसला, पाय पुढे ताणले, आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "नाही झालं." विचारलं नाही, म्हणालाच. मी त्याला सगळं सांगितलं. तारखा, कायदा, चिठ्ठीसुद्धा. चिठ्ठीचं सांगायची गरज नव्हती, पण मला त्याने शिव्या द्यायला हव्या होत्या. त्याने नुसतं डोकं मागे टेकवलं. गाडीत माझ्या सिमेंटचा आणि त्याच्या घामाचा वास. मग म्हणाला, "अकरा दिवस, डॅड? सगळीकडे तासभर आधी जाऊन बसतोस. दंतवैद्याकडेसुद्धा. एकदाच आयुष्यात लवकर यायचं होतं, तर साहेब आत आरामात!" मला हसू फुटलं. त्यालाही फुटलं. आम्ही दोघं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो, आणि मग त्यातलं हसू संपलं आणि पाणी तेवढं राहिलं. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "एप्रिलमध्ये मी पंचवीसचा होतो. पंचविशीनंतर कुणी बघायला येत नाही, माहीत आहे ना तुला?" मला माहीत होतं. मीच त्याला ते लहानपणापासून सांगत आलो होतो, जरा जास्तच वेळा. "माझ्यावर राग काढ," मी म्हणालो. "काढीन," तो म्हणाला, "आज जमत नाहीये." उतरताना दार धरून वाकला. पॉपला तो नोन्नो म्हणतो, म्हणजे आजोबा. "नोन्नोला सांगू नकोस. परवा शपथेचं जेवण आहे. क्लबाने दुसरा कुणी घेतला म्हणून सांगू. नंतर. मी सांगेन." "तो विचारील." "मग खोटं बोल, डॅड. गुडघ्याचं बोलतोस तसं." हे त्याला कुणी सांगितलं होतं मला माहीत नाही. मी लाल झालो असणार. तो दार लावून गेला.

तेरा तारखेला पॉपचा फोन आला. भातासाठी केशर आणायला सांगायला. सांगून झालं तरी ठेवीना. "कागद?" तो म्हणाला. "अजून नाही," मी म्हणालो. "बरं," तो म्हणाला. जरा थांबून, "मी फिरायला गेलो होतो. पुरिचेल्ली भेटला. त्याच्या नातीनेही अर्ज केला होता तिकडचा, शिकायला जायचं म्हणून." "मग?" "मग काही नाही. तारखा बघतात म्हणे," पॉप म्हणाला. "बारीक डबी आण. मोठी महाग पडते." मी त्यावर पुढे विचार केला नाही. म्हणजे केला, पण मनाला येऊ दिला नाही. मिसेस ब्रॉकमायरची न्हाणी मी त्या दिवशी पुरी केली आणि ती फार सरळ झाली. दोरी लावून बघितलं, केसाचाही फरक नव्हता. ज्या दिवशी काही म्हणजे काही हातात नसतं त्या दिवशी माझ्या लाद्या चांगल्या बसतात.

चौदाला दुपारी आम्ही तिघं गेलो, मी, लोरेटा आणि रेमो. पॉपचं घर चिंचोळं, एकामागे एक खोल्या. स्वयंपाकघर गाठायचं तर त्याच्या शयनघरातून जावं लागतं. लोरेटा पुढे गेली, रेमो गेला, मी कोट काढून ठेवायला वळलो आणि दाराकडे पाहिलं. दारामागचा खिळा रिकामा होता. सूट नव्हता. कपाटाचं दार किंचित उघडं होतं आणि आत, जुन्या कोटांच्या मागे, करड्या बाहीचं टोक दिसत होतं. म्हाताऱ्याला कळलं होतं. मी पलंगाच्या कडेवर बसलो, जिथे आई निजायची त्या बाजूला. पलीकडून लोण्याचा वास येत होता, पळी भांड्याला लागल्याचा आवाज येत होता, आणि रेमो मेलेल्या गवळ्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला त्यावर म्हातारा खोकल्यासारखं हसला. "क्लिफर्ड!" त्याने हाक मारली. "कोट काढतोयस की शिवतोयस?"

टेबलाला चार ताटं. भिंतीवर ती फ्रेम. मी परत लावली होती तेव्हा ती थोडी कललेली राहिली होती आणि एवढे दिवस मला, लाद्या बसवणाऱ्या माणसाला, ते दिसलं नव्हतं. पॉप उभा राहिला. खुर्चीची पाठ धरून, मग सोडून. उजवा हात वर केला. गोष्ट सुरू झाली. धूळ आली, टोपी आली. "साहेब, पोरगं थांबणार नाही, यादी थांबेल," हे तो म्हणाला तेव्हा लोरेटाने टेबलाखाली माझा हात धरला. मला म्हाताऱ्याकडे बघवत नव्हतं म्हणून मी भाताकडे बघत होतो. शपथ आली. परक्या राजाशी, परक्या राज्याशी असलेली माझी निष्ठा मी पूर्णपणे, तो म्हणाला, आणि अडखळला. अडखळतोच. आम्ही वाट बघितली, की आता आईने पोटाने ढोसलं म्हणून सांगेल. त्याने ते सांगितलं नाही. हात खाली घेतला. "आणि मग पोरगं आलं," तो म्हणाला, आणि खाली बसला. रुमाल मांडीवर पसरला. किती दिवसांनी, ते त्याने विचारलं नाही. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा माझ्या बापाने ते विचारलं नाही आणि चमचा उचलला.

मला वाटलं, देवा, असंच जाऊ दे, आता जेवू आणि घरी जाऊ. आणि तेवढ्यात रेमो बोलला. मी त्याच्याकडे पाहिलं; त्याचा चेहरा लाल होता, जबडा घट्ट, पेनल्टी मारायला जातो तसा. "नोन्नो," तो म्हणाला. "किती दिवसांनी?" पॉपने मान वर केली नाही. "गोष्ट पुरी कर ना," रेमो म्हणाला. "पोरगं आलं. किती दिवसांनी आलं?" म्हाताऱ्याचा चमचा भातात होता. हा माणूस ज्या बोटीतून आला तिच्या खोलीचा नंबर सांगतो. कारखान्यातल्या सगळ्या फोरमनांची नावं ओळीने सांगतो. आई गेली ती वेळ, मिनिटासकट सांगतो. त्याने चमचा फिरवला, एकदा, दोनदा, आणि म्हणाला, "मला आठवत नाही."

मला काहीतरी झालं. राग नव्हता तो. कुठे गेला होता कोण जाणे. मी उभा राहिलो. कशाला उभा राहिलो ते मलाही कळलं नाही, उभं राहायचं काम त्याचं. "अकरा," मी म्हणालो. नीट आला नाही आवाज. मग रेमोने टेबलावर हात आपटला, इतक्या जोरात की पेले हिंदकळले. "अकरा!" तो ओरडला. लोरेटा रडत होती, तिनेही आपटला. मी आपटला. तिघेच होतो, आवाज मोठा आला. पॉप रेमोकडे बघत होता. त्याची हनुवटी हलत होती, लहान मुलाची रडण्याआधी हलते तशी. त्याने टेबलावरून हात पुढे केला आणि रेमोचं मनगट धरलं, आणि बराच वेळ सोडलं नाही.

"मार्चची तारीख होती माझी," तो म्हणाला. "मार्चमध्ये थंडीसुद्धा कमी असते."

मी बसलो. भिंतीवरची फ्रेम कललेली होती, ती उठून सरळ करावी असं मनात आलं, पण मी उठलो नाही. पॉपने रेमोचं मनगट सोडलं आणि त्याचं ताट त्याच्याकडे सरकवलं.

"खा," तो म्हणाला. "भात गार होतोय."